जमिनीतले सोने आणि शेअरमधले सोने

सोन्याचा भाव चढत राहिला की दागिन्याचा बेत लांबणीवर पडतो आणि अनेकांच्या मनात दुसराच विचार येतो: सोने आवाक्याबाहेर गेले, पण सोने शोधणाऱ्या कंपनीचा शेअर अजून चाळीस-पन्नास रुपयांत मिळतोय, तो का घेऊ नये? मग वाद सुरू होतो. एक गट म्हणतो, कंपनीच्या पट्ट्यात इतके टन सोने आहे, बाजाराला त्याचा पत्ता नाही, खाण सुरू होऊ द्या, शेअर कुठच्या कुठे जाईल. दुसरा म्हणतो, वर्षानुवर्षे नुसत्या घोषणा चालल्या आहेत, हाती काही लागलेले नाही. दोघेही तावातावाने बोलतात, पण भांडण एकाच मुद्द्यावर असते: जमिनीत सोने आहे की नाही? छोट्या गुंतवणूकदाराला या प्रश्नाचा सर्वांत कमी उपयोग आहे. खडकात सोने पुष्कळ ठिकाणी सापडते. ते कोणी आणि कसे मोजले, बाहेर काढायला खर्च किती, काढायची परवानगी कोणाच्या हातात आहे, आणि निघालेच तर ते किती शेअर्समध्ये वाटले जाणार, यावर तुमच्या पैशाचे काय होणार ते ठरते. यांपैकी जेवढ्याची उत्तरे कागदावर पक्की झाली आहेत तेवढ्याचीच किंमत द्यावी, उरलेल्याची देऊ नये, असे माझे म्हणणे आहे. ते तपासून बघण्यासाठी भूगर्भशास्त्र शिकावे लागत नाही. गुणाकार आणि भागाकार येत असला तरी पुरते.

फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तर प्रदेशातल्या सोनभद्र जिल्ह्यात सुमारे ३,३५० टन सोने सापडल्याची बातमी देशभर झळकली. रिझर्व्ह बँकेकडे तेव्हा जेवढे सोने होते त्याच्या पाचपटीहून हे अधिक. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने लगेच खुलासा केला की असा अंदाज आपण दिलेलाच नाही. संस्थेच्या कामातून निघालेला आकडा होता तो खनिजाचा, म्हणजे सोने असलेल्या दगडाचा: ५२,८०६.२५ टन दगड आणि त्यात टनामागे सरासरी ३.०३ ग्रॅम सोने. आता हा गुणाकार स्वतः करून पाहा. ५२,८०६ गुणिले ३.०३ म्हणजे सुमारे १,६०,००० ग्रॅम, म्हणजेच १६० किलो. दगडाचे टन आणि सोन्याचे टन यांत गल्लत झाली तर केवढे अंतर पडते ते यातून दिसते. सोनभद्रमध्ये निदान कोणी शेअर विकत नव्हते. पण कंपन्यांच्या घोषणांवरच्या चर्चेत हीच चूक रोज होते. ‘इतके लाख टन साठा’ असे वाचले की लोक मनातल्या मनात सोन्याचे टन मोजू लागतात. म्हणून कोणत्याही घोषणेत प्रथम दोन आकडे शोधावेत, दगड किती आणि टनामागे ग्रॅम किती. त्यांतला एक जरी दिलेला नसेल, तर त्या घोषणेवरून काहीच ठरवता येत नाही.

टनामागे तीन ग्रॅम म्हणजे आजच्या दहा ग्रॅमच्या तोळ्यासाठी सव्वातीन टनांहून जास्त दगड फोडणे, दळणे, रसायनात भिजवणे आणि उरलेला गाळ सांभाळणे. जगातल्या पुष्कळ खाणी यापेक्षाही कमी प्रतीच्या दगडावर चालतात, तेव्हा तीन ग्रॅम वाईट नाही. मुद्दा असा की सरासरीचा आकडा फसवा असू शकतो. बोअर घेऊन काढलेल्या नमुन्यांची घोषणा साधारण अशी असते: ‘१२ मीटर लांबीत टनामागे ८ ग्रॅम, त्यात १ मीटर लांबीत ८० ग्रॅम’. वाचणाऱ्याच्या डोक्यात ८० राहते आणि मागोमाग ८ राहते. आता १२ ला ८ ने गुणा, ९६ आले. त्यातून त्या एका मीटरचे ८० वजा करा, उरले १६. ते उरलेल्या ११ मीटरांवर पसरा, टनामागे दीड ग्रॅमसुद्धा भरत नाही. म्हणजे बारा मीटर जाडीचा समृद्ध थर नाही, एक बारीक शीर आहे आणि भोवती जेमतेम सोने असलेला खडक आहे. ही शीर शेजारच्या बोअरमध्ये पुन्हा सापडली का, हा खरा प्रश्न. शिवाय बोअर तिरका घेतलेला असेल तर त्यातली १२ मीटर लांबी म्हणजे थराची खरी जाडी नसते, ती बरीच कमी भरू शकते. प्रामाणिक कंपनी खरी जाडी वेगळी सांगते, ज्या बोअरमध्ये काही सापडले नाही त्यांची यादीही देते आणि नकाशावर बोअरच्या जागा दाखवते. फक्त चांगले बोअर जाहीर होत असतील तर बाकीच्यांचे काय झाले, हे विचारायचा हक्क भागधारकाला आहे.

मोजणीच्याही पायऱ्या असतात आणि त्या पायऱ्यांची नावे घोषणेत येतात, फक्त आपण ती वाचत नाही. भारतात शोधकार्याचे टप्पे जी-४ पासून जी-१ पर्यंत सांगतात. जी-४ म्हणजे प्राथमिक पाहणी, जी-१ म्हणजे तपशीलवार शोध. ऑस्ट्रेलिया-कॅनडाच्या पद्धतीत साठा प्रथम ‘इन्फर्ड’ असतो, मग ‘इंडिकेटेड’, मग ‘मेझर्ड’. पण हे तिन्ही खनिज किती असावे याचे अंदाज आहेत. ते फायद्यात काढता येईल हे अभ्यासाने दाखवल्यावरच त्याला ‘रिझर्व्ह’ म्हणता येते. ‘इन्फर्ड’ म्हणजे दूरदूरच्या बोअरांवरून, मधल्या जागेतही असेच असावे, असे धरून केलेला हिशोब. हे आकडे खोटे नसतात, पण त्यांच्यावर बँक कर्ज देत नाही. बँक ज्या आकड्यावर कर्ज देणार नाही त्या आकड्यावर आपण आपली बचत लावतो आहोत, एवढे भान असले तरी पुष्कळ. अनेक कंपन्या सर्व वर्गांची बेरीज करून एकच मोठा आकडा पुढे ठेवतात. ती बेरीज मोडून प्रत्येक वर्गातले टन वेगळे लिहून पाहावेत.

इथे एक आक्षेप ठरलेला असतो: आपण छोटे लोक, आपल्याला काय कळते, पण मोठमोठ्या फंडांनी आणि परदेशी संस्थांनी पैसे घातले आहेत, त्यांनी तपासले असणारच. या आक्षेपाचे उत्तर ब्रे-एक्स या कॅनडाच्या कंपनीच्या इतिहासात आहे, आणि ते सविस्तर पाहण्यासारखे आहे. कॅलगरीच्या या छोट्या कंपनीने १९९३ मध्ये इंडोनेशियाच्या बोर्निओ बेटावरचा बुसांग हा पट्टा घेतला. बोअरचे निकाल येत गेले आणि साठ्याचा अंदाज वाढत वाढत ७ कोटी औंसांवर, म्हणजे जवळजवळ २,२०० टनांवर गेला. काही सेंटांना मिळणारा शेअर १९९६ मध्ये २८६ कॅनेडियन डॉलरांवर पोहोचला. कंपनीचे बाजारमूल्य ६०० कोटी डॉलरांच्या वर गेले. टोरांटोच्या मुख्य निर्देशांकात तिचा समावेश झाला. ओंटारियोच्या शिक्षकांचा निवृत्तिवेतन निधी आणि क्युबेकचा सार्वजनिक निधी तिचे भागधारक होते. जगातल्या बड्या खाण कंपन्या या पट्ट्यात हिस्सा मिळवण्यासाठी धडपडत होत्या आणि इंडोनेशियाचे सरकारही त्या वाटणीत उतरले होते. साठ्याचा हिशोब एका नामांकित अभियांत्रिकी संस्थेने केला होता, नमुन्यांची तपासणी खऱ्याखुऱ्या प्रयोगशाळेत होत होती, आणि हिशोब व तपासणी या दोन्हींत चूक नव्हती. खोट होती ती नमुना प्रयोगशाळेत पोहोचायच्या आधी. दळलेल्या दगडात बाहेरून सोन्याचे कण मिसळले जात होते. शेवटच्या तपासात त्या कणांच्या कडा झिजून गोल झालेल्या आढळल्या, जसे नदीच्या वाळूतले कण असतात. खडकातून निघालेल्या सोन्याला असा आकार नसतो.

या प्रकरणात बाहेरच्या माणसालाही दिसू शकेल अशी एक खूण होती. बोअरमधून दगडाचा लांबट गाभा निघतो. रिवाज असा की तो उभा चिरायचा, अर्धा तपासणीला पाठवायचा आणि अर्धा जपून ठेवायचा, म्हणजे शंका आली तर दुसऱ्या कोणाला तो पुन्हा तपासता येतो. बुसांगमध्ये जवळजवळ सगळा गाभा दळून टाकला जात होता. सोने विखुरलेले आहे, मोठा नमुना घेतला तर निकाल अचूक येतो, असे कारण दिले गेले आणि ते पटण्यासारखे होते. परिणाम एवढाच झाला की पडताळणीसाठी काही उरले नाही. जानेवारी १९९७ मध्ये तिथल्या कार्यालयाला आग लागून नोंदी गेल्या. मार्चमध्ये भागीदार होऊ घातलेल्या फ्रीपोर्ट-मॅकमोरान कंपनीने जुन्या बोअरांच्या शेजारी स्वतःचे बोअर घेतले आणि त्यांत दखल घेण्याजोगे सोने नाही असे २६ मार्चला जाहीर झाले. मे महिन्यात स्ट्रॅथकोना या स्वतंत्र सल्लागार संस्थेने नमुन्यांत मोठ्या प्रमाणावर भेसळ झाल्याचा निष्कर्ष दिला आणि शेअरची किंमत शून्यावर आली. मोठ्यांनी पैसे घातले म्हणजे मोठ्यांनी तपासले, हे गृहीतक इथे कोसळले. प्रत्येक जण दुसऱ्याने तपासले असेल असे धरून चालला होता. स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या माणसांकरवी पहिला बोअर घेतला गेला तेव्हाच सत्य कळले. म्हणून कंपनीच्या अहवालात एवढे बघा: गाभ्याचा अर्धा भाग ठेवला आहे का, नमुन्यांमध्ये सोने नसलेले आणि ठरावीक सोने असलेले चाचणी-नमुने मिसळून प्रयोगशाळेची परीक्षा घेतली जाते का, आणि कंपनीशी संबंध नसलेल्या कोणी पुनर्तपासणी केली आहे का. ब्रे-एक्सनंतर कॅनडाने २००१ मध्ये या अहवालांसाठी कडक नियम आणले, ते याच कारणाने.

यावर समर्थकांचे म्हणणे रास्त आहे: प्रत्येक कंपनी ब्रे-एक्स नसते, फसवणूक हा अपवाद आहे, आमच्या कंपनीतली माणसे प्रामाणिक आहेत. मलाही तसेच वाटते. या धंद्यातले बहुतेक जण मनापासून सोने शोधत असतात. पण सोने खरे असले, माणसे सच्ची असली, तरी पैसे मिळतीलच असे नाही. इक्वाडोरमधल्या फ्रुता देल नोर्तेची गोष्ट पाहा. ऑरेलियन या छोट्या कंपनीने २००६ मध्ये तिथे अतिशय समृद्ध साठा शोधला. त्यात काही खोटे नव्हते. शेअर वर्षभरात कित्येक पटींनी वाढला. एप्रिल २००८ मध्ये इक्वाडोरच्या घटनासभेने खाणकाम थांबवणारा आदेश काढला आणि शेअर कोसळला. त्याच वर्षी किनरॉस या मोठ्या कंपनीने ऑरेलियन सुमारे १२० कोटी कॅनेडियन डॉलरांना विकत घेतली. सरकारशी कराच्या अटींवर, विशेषतः जादा नफ्यावरच्या ७० टक्के करावर, जुळेना, तेव्हा २०१३ मध्ये किनरॉसने माघार घेतली. पुढच्या वर्षी लुंडिन गोल्डने तोच पट्टा २४ कोटी अमेरिकी डॉलरांना घेतला आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये तिथून पहिले सोने निघाले. जमीन तीच, सोने तेच. शोध लागल्यापासून पहिल्या विटेपर्यंत तेरा वर्षे गेली, मालक दोनदा बदलला, आणि मधल्या मालकाने मोजलेल्या किमतीच्या लहानशा हिश्शात पट्टा तिसऱ्याकडे गेला. कुतूहल म्हणून सांगण्याची ही गोष्ट नाही. हिशोबात ‘किती वर्षे’ आणि ‘कोणाची परवानगी’ हे दोन रकाने का हवेत, हे ती दाखवते.

भारतात परवानगीचा रकाना अधिकच महत्त्वाचा आहे. १९५७ च्या खाण आणि खनिज कायद्यात २०१५ मध्ये दुरुस्ती झाली आणि खाणपट्टे लिलावाने देण्याचे धोरण आले. ज्यांनी आधीच शोधकार्य केले होते त्यांचा हक्क कलम १०अ(२)(ब) खाली राखून ठेवला होता. पण त्यांचे अर्ज वर्षानुवर्षे पडून राहिले आणि २०२१ च्या दुरुस्तीने अशी प्रलंबित प्रकरणे संपुष्टात आणली. शोधावर झालेला खर्च परत देण्याची तरतूद ठेवली, शोधाचे मूल्य देण्याची नाही. मुंबई शेअर बाजारात नोंदलेल्या डेक्कन गोल्ड माइन्सचा कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातला गणजूर प्रकल्प याच फेऱ्यात अडकला. तिथल्या दगडात सोने आहे की नाही यावर भागधारक कितीही बोलले असते, तरी निकाल लागणार होता तो त्या कलमावर. याच कंपनीचा हिस्सा असलेला आंध्र प्रदेशातल्या कर्नूल जिल्ह्यातला जोन्नगिरी प्रकल्प मात्र पुढे सरकला, कारण तिथे खाणपट्टा हातात होता. म्हणून वार्षिक अहवाल उघडल्यावर प्रकल्पांच्या नावांपुढे काय लिहिले आहे ते नीट वाचा: शोधाचा परवाना, खाणपट्ट्याचा अर्ज, मंजुरीचे पत्र की प्रत्यक्ष करार झालेला खाणपट्टा, वनखात्याची आणि पर्यावरणाची मंजुरी मिळाली की मागितली आहे. ‘अर्ज विचाराधीन’ असलेल्या प्रकल्पाची किंमत मी शून्य धरतो. कठोर वाटेल, पण २०२१ मध्ये असे अर्ज करून बसलेल्यांच्या हाती खर्चाच्या परताव्याची आशा तेवढी उरली. लिलावात मिळालेला पट्टा असेल तर रॉयल्टीशिवाय राज्य सरकारला बोलीनुसार द्यायचा हिस्साही असतो, आणि बोली चढी लागली असेल तर सोने निघूनही कंपनीकडे फार काही उरत नाही.

आता समर्थकांच्या सर्वांत जोरदार मुद्द्याकडे वळू: कंपनीकडे पाच हजार कोटींचे सोने आहे आणि सगळी कंपनी चारशे कोटींना मिळते, मग स्वस्त नाही तर काय? हा हिशोब कागदावर मांडून बघू. आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत, कोणत्याही एका कंपनीचे नाहीत. समजा ‘इन्फर्ड’सकट ५ टन सोने जाहीर झाले आहे आणि ग्रॅमचा भाव १०,००० रुपये धरला, झाले ५,००० कोटी. त्यातले खाणीच्या आराखड्यात बसणारे ६० टक्के, म्हणजे ३ टन. दगडातून सोने वेगळे काढताना थोडे सुटतेच, ९० टक्के हाती लागले असे धरू, उरले २.७ टन, २,७०० कोटी. खोदणे, दळणे, वीज, मजुरी, रॉयल्टी मिळून विक्रीच्या ६० टक्के खर्च धरला तर १,६२० कोटी गेले आणि १,०८० कोटी राहिले. हे पैसे एकदम येत नाहीत. खाण उभी राहायला चार वर्षे आणि पुढे दहा वर्षे उत्पादन असे धरले तर वर्षाला १०८ कोटी, तेही पाचव्या वर्षापासून. खाण उभारायला तिसऱ्या-चौथ्या वर्षी मिळून ४०० कोटी लागतील. अशा जोखमीच्या धंद्यात वर्षाला १२ टक्के परतावा मागणे जास्त नाही. त्या दराने सगळे आजच्या किमतीत आणले तर प्रकल्पाचे मोल सुमारे ११८ कोटी होते, आणि तेही आयकर धरायच्या आधी. पाच हजार कोटींचे सोने ४०० कोटींना मिळत होते, तेच आता ११८ कोटींची वस्तू ४०० कोटींना विकत घेतल्यासारखे दिसते. वाचकांनी माझे आकडे बदलून पाहावेत. प्रत दुप्पट असेल, खर्च निम्मा असेल तर उत्तर वेगळे येईल, आणि यायलाच हवे. वाद घालायचा तर या आकड्यांवर घालावा. त्यातून काहीतरी निष्पन्न होते.

इथे भावाचा मुद्दा निघतो आणि त्याला प्रामाणिक उत्तर द्यायला हवे. सोन्याचा भाव २० टक्के वाढला आणि खर्च तोच राहिला, तर याच हिशोबात वर्षाची शिल्लक १०८ वरून १६२ कोटींवर जाते आणि प्रकल्पाचे मोल ११८ वरून ३१० कोटींच्या पुढे. भाव २० टक्के वाढला आणि मोल अडीच पटींहून अधिक झाले. समर्थक म्हणतात ते खरे आहे, भाववाढीचा फायदा इथे अनेक पटींनी मिळतो. पण भाव २० टक्के घसरला तर शिल्लक ५४ कोटींवर येते, खाण उभारण्याचा खर्चही निघत नाही आणि अशी खाण कोणी काढतच नाही. वाढीत अडीच पट आणि घसरणीत शून्य, हे एकाच हिशोबातून निघते. कोलारच्या खाणी आठवा. सव्वाशे वर्षांच्या काळात तिथून सुमारे ८०० टन सोने निघाले, खाणी तीन किलोमीटरहून खोल गेल्या, आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी त्या बंद झाल्या. खाली सोने संपले नव्हते. औंसाला तीनशे डॉलरांच्या आत भाव आणि इतक्या खोलीवरून काढायचा खर्च यांचा मेळ बसत नव्हता. पुढच्या वीस वर्षांत भाव कित्येक पटींनी चढला, पण पाणी भरलेली खाण आपोआप सुरू होत नाही. भाव चढतो तेव्हा डिझेल, पोलाद, यंत्रांचे भाडे आणि मजुरीही चढते. आणि शोधकार्य करणाऱ्या कंपनीकडे विकायला सोने नसते, खर्च मात्र रुपयांतच करावा लागतो. भाववाढीचा थेट फायदाच हवा असेल तर गोल्ड ईटीएफ आहे. त्यात परवाना, बोअर, लिलाव यांची भानगड नाही.

शेअर्सची संख्या हा सर्वांत दुर्लक्षित रकाना आहे, आणि छोट्या भागधारकाचे सर्वाधिक नुकसान इथेच होते. शोध-कंपनीला उत्पन्न नसते, त्यामुळे दर एक-दोन वर्षांनी ती नवे शेअर काढते. वरच्याच उदाहरणात कंपनीचे १० कोटी शेअर ४० रुपयांनी आहेत असे समजा. उभारणीच्या ४०० कोटींपैकी निम्मे कर्जाने आले आणि निम्म्यासाठी ४० रुपयांनीच ५ कोटी नवे शेअर काढले. ज्याच्याकडे १०,००० शेअर होते त्याचा कंपनीतला वाटा दहा हजारांश होता, तो पंधरा हजारांश झाला. त्याने काही विकले नाही, तरी त्याच्या वाट्याचे सोने एकतृतीयांशाने घटले. शेअरचा भाव पडलेला असताना पैसा उभा करावा लागला तर घट याहून मोठी. राइट्स इश्यू असेल तर निदान तुम्हालाही त्याच दराने घेता येतात. प्राधान्य वाटपात ते निवडक लोकांना मिळतात, आणि वॉरंट असतील तर आज फक्त २५ टक्के भरून उरलेले अठरा महिन्यांत द्यायची मुभा असते. भाव वाढला तर ते शेअर घेतात, नाही तर २५ टक्क्यांवर पाणी सोडतात. हे कायदेशीर आहे आणि कधीकधी गरजेचेही. पण गेल्या पाच वर्षांच्या अहवालांतून वर्षअखेरचे एकूण शेअर आणि बँकेतली रोकड हे दोनच आकडे ओळीने लिहून काढले, तर कंपनी कोणाच्या जिवावर चालली आहे ते स्पष्ट दिसते. रोकडीला तिमाहीच्या खर्चाने भागा. उत्तर जर दोन-तीन तिमाह्यांचे आले, तर लवकरच नवे शेअर येणार आहेत आणि आज घाईने घ्यायचे कारण नाही.

मग या कंपन्यांना हातच लावायचा नाही का? एवढे कठोर मी म्हणणार नाही. ऑरेलियनचे शेअर शोध लागायच्या आधी घेतलेल्या काहींना मोठा फायदा झाला आणि असे जिंकणारे पुढेही असतील. शिवाय कोणीच जोखीम घेतली नाही तर नव्या खाणी निघणार नाहीत आणि दरवर्षी शेकडो टन सोने आयात करणाऱ्या आपल्या देशाला हा शोध हवाच आहे. मात्र ‘सगळे निश्चित होईपर्यंत थांबलो तर भाव निघून जाईल’ हे विधान मला पटत नाही. शोधाच्या घोषणेच्या उत्साहात चढलेला शेअर पुढे अभ्यास, मंजुऱ्या आणि पैशाची जुळवाजुळव यांच्या लांबलचक काळात थंडावतो, हे या धंद्यात पुनःपुन्हा दिसते. खाणपट्टा हातात आहे, अभ्यास पूर्ण आहे, उभारणीचा पैसा ठरलेला आहे, अशा टप्प्यावर घेणारा पहिली उडी चुकवतो, पण ज्या पायऱ्यांवर बहुतेक प्रकल्प गळतात त्या त्याच्या मागे पडलेल्या असतात. आणि तेव्हाही, पूर्ण बुडाले तरी घरखर्च, मुलांची फी, आजारपणाची तरतूद यांना धक्का लागणार नाही एवढीच रक्कम असावी. भाव पडला म्हणून आणखी घेऊन सरासरी करण्याची सवय इथे विशेष घातक आहे. वर्षाकाठी नफा मिळवणाऱ्या कंपनीचा भाव पडला तर ती स्वस्त झाली असे म्हणता येते; इथे भाव पडतो तेव्हा अनेकदा एखादा बोअर कोरडा गेलेला असतो किंवा परवाना अडकलेला असतो. नवी माहिती काय आली हे लिहून काढल्याशिवाय नवा शेअर घेऊ नये.

छोट्या कंपन्यांच्या शेअरमध्ये खरेदी-विक्री पातळ असते, हेही घेण्याआधी बघून ठेवावे. रोज अप्पर सर्किट लागत असताना घेणे जेवढे अवघड, त्याहून लोअर सर्किटमध्ये विकणे अवघड. तेव्हा घ्यायला कोणी नसतो. रोज सरासरी किती शेअर्सची उलाढाल होते ते पाहून, आपले सगळे शेअर एका आठवड्यात विकता येतील एवढेच घ्यावेत. यूट्यूबवरच्या चित्रफिती आणि टेलिग्रामवरच्या टिपा यांच्या जोरावर छोट्या शेअर्सचे भाव फुगवल्याबद्दल सेबीने अलीकडच्या वर्षांत कारवाया केल्या आहेत, आणि सोने हा शब्द अशा टिपांसाठी फार सोयीचा आहे. कंपनीबद्दलची कोणतीही मोठी बातमी शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर कंपनीच्या अधिकृत निवेदनात सापडली नाही, तर ती नाही असेच समजावे.

घेतलेच असतील, तर भागधारक म्हणून आपल्याकडे दोन साधने आहेत आणि बहुतेक जण ती वापरत नाहीत. प्राधान्य वाटपाला विशेष ठराव लागतो, म्हणजे बाजूची मते विरोधी मतांच्या किमान तिप्पट हवीत. घरबसल्या ई-मतदान करता येते. प्रवर्तकांचा हिस्सा कमी असलेल्या कंपनीत छोट्या भागधारकांची मते एकत्र आली तर असा ठराव अडू शकतो, किंवा निदान वाटपाचा दर आणि कारण नीट सांगायला व्यवस्थापनाला भाग पाडता येते. दुसरे साधन वार्षिक सभा. ती आता बहुधा ऑनलाइन असते आणि आधी ई-मेल करून वक्ता म्हणून नाव नोंदवता येते. तिथे अभिनंदनाची भाषणे पुष्कळ होतात. आपल्या दोन मिनिटांत विचारावे: गेल्या वर्षी किती मीटर ड्रिलिंग झाले आणि मीटरमागे खर्च किती आला, ‘इन्फर्ड’मधले किती टन वरच्या वर्गात गेले, बँकेतली रोकड किती महिने पुरेल, आणि पुढचा निधी कोणाकडून, कोणत्या दराने येणार. आणि उत्तरे मिळतील ती आकड्यांसकट लिहून घेऊन पुढच्या वर्षीच्या अहवालाशी ताडून पाहावीत.